बस म्हणायचं राहिलं

पनवेल, ३ मार्च २०२५

तीर्थस्वरूप रंभाआत्यास,

हृतिकचा नमस्कार. लांबूनच करतो, जवळ येऊ देत नाहीस म्हणून.

बाबांनी तुझा निरोप सांगितला. हृतिकला माझा आवाज परत देणार नाही, फोनवरसुद्धा नाही, असं तू म्हणालीस म्हणे. मी फोनवरचं बोलणंही रेकॉर्ड करीन अशी तुला शंका आहे. तेव्हा पनवेल ते उरण एवढ्याशा अंतरासाठी मी पोस्टाचं पाकीट विकत घेतलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कोर्टाचं काम आहे का. म्हटलं, जवळजवळ तसंच. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे मनिषावहिनी वाचून दाखवणार. वहिनी, सासूबाईंना राग येईल म्हणून मधलं काही गाळू नका.

मुद्द्याचं सांगतो. रंजिताची हळद तेरा मेला, गव्हाणला, घरासमोरच्याच मांडवात. लग्न चौदाला तळोज्याला. आपल्या घरात बाबांच्या हळदीपासून आजवर एकही हळद तू देवांना बोलावणारा धवला म्हटल्याशिवाय लागलेली नाही. आईने परवा दुसऱ्या एका धवलारणीचं नाव काढलं, तर रंजिता तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. आता या माझ्या बहिणीने सांगून टाकलंय की आत्या येऊन देवांना बोलावणार नसेल तर मी पाटावर बसणारच नाही. तू तिला ओळखतेस, ती तुझ्यावरच गेली आहे. तळोजेकरांच्या पत्रिका छापून झाल्या. बाबा नुसते मांडववाल्याला फोन करत असतात.

तू का रागावलीस ते मला कळलंय असं मला वाटतं. मागच्या वर्षी काकांच्या प्रांजलच्या हळदीला तू उखळात हळद कांडताना जे म्हणत होतीस, ते मी न विचारता रेकॉर्ड केलं. त्यातला एक तुकडा कापून खाली बीट टाकली आणि वाजवला. लोक वेडे झाले. दुसऱ्या डीजेंनी मागितला, मी दिला. आता उरणपासून तळोज्यापर्यंत एक हळद त्याच्याशिवाय होत नाही. आणि त्यात तुझा आवाज किती चिरका लागतो, ते मी आता नीट ऐकलं.

त्याचं कारण सांगतो. तू म्हणतेस तेव्हा मिनिटाला साधारण चौऱ्याहत्तर ठोके पडतात. नाचाचं गाणं असतं अठ्ठ्याण्णवचं. आमच्याकडे सिंक नावाचं बटण आहे. ते दाबलं की मशीन एका गाण्याला दुसऱ्याच्या वेगाने पळवतं. पळवलं की आवाज वर चढतो. तो चढू नये म्हणून शेजारीच आणखी एक बटण असतं, ते दाबायला मी विसरलो. एवढंच झालं. आता दुरुस्त केलंय, तुझा आवाज तुझ्यासारखाच लागतो. ट्रॅकच्या नावात तुझं नावही घातलंय.

राग गेला असेल तर कळव. मांडवात तुझ्यासाठी वेगळा पंखा लावून घेतो.

तुझा भाचा,
हृतिक


उरण, ११ मार्च

चि. हृतिक यास रंभाआत्याचा आशीर्वाद.

(सासूबाई सांगतात, मी लिहिते. त्या बोलतात आगरी, मी लिहिते शाळेतली मराठी. अर्थ बदलत नाही. मनिषा.)

आवाज चिरका झाला म्हणून मी रागावले असं तुला वाटलं, यावरून मला कळलं की तू मोठा झालास, शहाणा झाला नाहीस. माझा आवाज चांगला कधी होता? तुझे आजोबा मला मिठागरावर नेत नसत, माझ्या हाकेने बगळे उडतात म्हणायचे. धवला आवाजासाठी म्हणत नाहीत.

माझं नाव घातलंस ते काढ. माझ्या नावाने असला प्रकार वाजू नये.

तू चाल ऐकलीस, ठोके मोजलेस. शब्द ऐकलेस का? तुझ्या जन्माआधीपासून मी ते म्हणते आहे आणि तुझ्या बारशापासून तू ते ऐकतो आहेस. आता मशीन बंद करून ऐक, मी काय म्हणते ते. मग लिही.

तेरा तारखेचं तुमचं तुम्ही बघा. रंजिताला सांग, आत्याची तब्येत बरी नाही.

रंभाआत्या

हृतिकभावजी, वरचं सगळं त्यांनी सांगितलं तसं. खालचं माझं. पत्र लिहून झाल्यावर त्या मासे साफ करत बसल्या होत्या आणि स्वतःशीच बोलत होत्या. एक वाक्य मी ऐकलं ते तसंच लिहिते: "पाव्हन्याला हाक मारली, न् दारान उभा ठेवला. रातभर." तुम्हाला यातून काही कळलं तर बघा. मला स्वयंपाक आहे.
मनिषा


पनवेल, २० मार्च

तीर्थस्वरूप आत्यास,

ऐकलं. माझ्या डीजेच्या गाळ्याचं शटर ओढून, बीट बंद करून, नुसती तू. मग डोक्याला हात लावून बसलो.

तुला माहीतच आहे, पण मला कळलं हे तुला कळावं म्हणून लिहितो. तू एकेका देवाला नावाने बोलावतेस. "ये गो आये, मांडवाचे दारी." मग श्वास घेतेस. मग म्हणतेस, "बस गो आये, चंदनाचे पाटी." असे एकोणीस देव. एकाला बोलावून, बसवून, मग दुसऱ्याकडे वळायचं.

मी कापलेल्या तुकड्यात फक्त पहिली ओळ आहे. एकवीरा आईला नुसती हाक. लूप म्हणजे तोच तुकडा फिरून फिरून वाजणं. म्हणजे मी तिला बोलावलं, परत बोलावलं, परत बोलावलं, आणि बस असं एकदाही म्हटलं नाही. एका हळदीत किती वेळा, ते मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. खाली लोक नाचत होते, त्यात मीही होतो.

हे मुद्दाम केलं नाही, हे तुला पटावं म्हणून सांगतो. मशीनला गाणं दिलं की ते त्यावर रेघा मारतं, आपल्या दुरेघी वहीसारख्या. एका ठोक्याला एक रेघ, सगळ्या सारख्या अंतरावर. त्याला ग्रिड म्हणतात. तुझ्या गाण्यात ढोलकी नव्हती, म्हणून त्याने मुसळाचा घाव ठोका धरला. पहिल्या ओळीत मुसळ बरोबर आठ वेळा पडलं. मी लूपचं आठचं बटण दाबलं, तुकडा चपखल बसला, सांधा कुठे कळेना. मला वाटलं, काय नशीब आहे. पुढे तू श्वास घेतेस, तो कधी दोन ठोक्यांचा, कधी साडेतीनचा. मशीनच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. पुढची ओळ कुठल्याच रेघेवर बसत नाही, म्हणून मी पुढे ऐकलंच नाही. आठ वर्षं हा धंदा करतोय, जे रेघेवर बसतं तेच गाणं समजायची सवय लागली आहे.

आता मी सगळ्या रेघा पुसून हाताने मारल्या. तुझ्या प्रत्येक शब्दाखाली एक. दोन दिवस लागले. तुझा एकही श्वास दुसऱ्यासारखा नाही, माझे डोळे गेले. नवीन लूप हाकेपासून पाटापर्यंत आहे. आता आई येते आणि बसते. शेजारची अंकिता कामाला उरणला येते, तिच्याकडे पेनड्राइव्ह दिलाय. वहिनींना टीव्हीला लावायला सांग. ज्यांना ज्यांना जुना तुकडा दिला होता त्या सगळ्यांना फोन करून नवा पाठवला. दोघांनी जुनाच चांगला होता म्हणून सांगितलं, त्यांच्याशी भांडलो.

रंजिताला तब्येतीचं सांगितलं नाही. ती लगेच रिक्षा करून तुझ्याकडे आली असती.

हृतिक


उरण, २ एप्रिल

चि. हृतिक यास आशीर्वाद.

टीव्हीवर ऐकलं. मनिषाने तीनदा लावलं.

तू मेहनत घेतलीस हे कळलं. शब्द ऐकलेस तेही बरं केलंस. पण बाळा, बसलेल्या पाहुण्याला परत दारात बोलावतोस आणि परत बस म्हणतोस, याला आमच्याकडे उठबशा म्हणतात. एकवीरा आई शाळेतली पोर आहे का?

धवला फिरवायचा नसतो. तो एका बाजूने जातो, हळदीसारखा. एकदा लागली की लागली. तुझ्या यंत्रात फिरवल्याशिवाय काही चालत नसेल तर तुझं यंत्र माझ्या कामाचं नाही, आणि यात तुझा दोष आहे असंही मी म्हणत नाही. ज्याचा त्याचा धंदा.

तू भांडलास त्या दोघांची नावं मला कळव, त्यांच्या आयांना मी ओळखत असेन.

हळदीला येणार नाही. रंजिताला माझा आशीर्वाद सांग. तिच्यासाठी हिरव्या बांगड्या अंकिताबरोबर पाठवल्या आहेत.

रंभाआत्या


उरण, २ एप्रिल

हृतिकभावजी,

हे वेगळ्या पाकिटात टाकते आहे. सासूबाईंना सांगू नका आणि मी लिहिलं असंही दाखवू नका.

त्या लूपवर रागावल्या आहेत हे खरं. पण न येण्याचं कारण ते नाही.

फेब्रुवारीत इथे शेजारच्या गावात हळद होती. त्या धवला म्हणायला बसल्या. खंडेरायापर्यंत नीट गेलं. पुढे हाक मारली, श्वास घ्यायला थांबल्या आणि पुढची ओळ आलीच नाही. तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिथल्या डीजेला वाटलं म्हातारीची लाज राखावी, त्याने तुमचा तो लूप लावला. त्यांचाच आवाज, त्यांच्यासमोर, दोन मोठ्या स्पीकरांतून. पोरं उठून नाचायला लागली. सासूबाई पाटावरून उठून गाडीत येऊन बसल्या.

डॉक्टर म्हणतात फुप्फुसं थकली आहेत, वयाचं आहे, गोळ्या घ्या, जिने चढू नका. गाऊ नका असं म्हणाले नाहीत, कारण त्या गातात हे आम्ही सांगितलंच नाही. हाक मारण्याइतका दम आहे. बसवण्याइतका पुरेल याची त्यांना खात्री नाही.

त्या रात्री त्या मला म्हणाल्या, "मी देवाला दारान सोडून आली." दुसरं काही नाही. तेव्हापासून धवल्यातला शब्द तोंडात घेत नाहीत. तुमच्या लूपवर चिडतात, कारण तुमच्यावर चिडणं सोपं आहे. मला हे सगळं बघवत नाही, म्हणून लिहिलं.

मनिषा


पनवेल, १२ एप्रिल

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझं पटलं. लूप काढून टाकला. गाळ्यातल्या लॅपटॉपमधून, घरच्या लॅपटॉपमधून, सगळीकडून. त्या दोघांची नावं कळवत नाही, पोटापाण्याचं आहे त्यांचं.

आता माझं एक ऐक. हळदीला सिंक नाही, लूप नाही, खाली बीटसुद्धा नाही. तू म्हणशील तेव्हा सगळे स्पीकर गप्प. फक्त तू, माईक आणि उखळ. किती वेळ लागेल तितका लागू दे. तू एका देवाला पाच मिनिटं घेतलीस तरी चालेल. तुझं झालं की मगच माझं सुरू.

मी मशीन घेऊन तुझ्यामागे बसेन. ते उगाच, खबरदारी म्हणून. समज, ऐन वेळी माईक बंद पडला. तर तुझ्या जुन्या रेकॉर्डिंगमधून प्रत्येक देवाची "बस" म्हणणारी ओळ मी वेगळी काढून ठेवली आहे. एकोणीस देव, एकोणीस ओळी. मशीनवर चौकोनी बटणं असतात, एकेका बटणावर एकेक. दाबलं की तेवढी ओळ वाजते आणि थांबते, फिरत नाही. तुझाच आवाज, मागच्या वर्षीचा. फक्त माईक बंद पडला तरच.

रंजिताने बांगड्या भरल्या आणि कोणाला कळू न देता रडली. मी पाणी प्यायला उठलो होतो म्हणून दिसली. मला तिचं रडणं बघवत नाही आणि तुझ्याशिवाय ही हळद मलाही नको आहे, हे स्पष्टच सांगतो.

हृतिक


उरण, २१ एप्रिल

चि. हृतिक यास आशीर्वाद.

माईक बंद पडला तर तुझं मशीनही त्याच वायरीवर बंद पडेल, एवढं मलाही कळतं. मनिषाने तुला काय लिहिलं ते मी तिला विचारलं. तिने कबूल केलं. तिच्यावर रागावले नाही. हे पत्रही तीच लिहिते आहे आणि आत्ता नाक पुसते आहे.

तर आता लपवायचं काही उरलं नाही, सरळ सांगते. मला मरणाची भीती नाही. माझ्या वयाच्या कितीजणी गेल्या. मला भीती वाटते ती अर्ध्यावर थांबण्याची. मी हाक मारली तर देव येणार, आणि मी बस म्हटलं नाही तर उभा राहणार. तुम्ही शिकलेले लोक म्हणाल असं काही नसतं. नसेल. पण मी पन्नास वर्षं लोकांची लग्नं याच विश्वासावर लावली आहेत, आता माझ्या भाचीच्या वेळी तो सोडू कसा? रंजिताच्या मांडवात एखादा देव दारात राहिला तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही.

तरी येते. पोरगी रडली म्हणतोस म्हणून.

तुझी बटणं असू देत. माझ्यामागे नको, समोर बस, मला दिसशील असा. आणि नीट ऐक. मी थांबले म्हणून दाबू नको. मी नेहमीच थांबते, त्याला तुम्ही काही म्हणा. मी संपले असं तुझ्या कानाला वाटलं तरच दाब. लहानपणी माझ्या मांडीवर झोपायचास, माझा दम तुझ्याइतका कोणाला ठाऊक असणार? तुझ्यावर सोडते.

हे रंजिताला सांगू नको. नवरीने हळदीच्या दिवशी काळजी करू नये.

पंखा लाव. दोन लाव.

रंभाआत्या


उरण, १९ मे

हृतिकभावजी,

लग्न छान झालं. रंजिता सासरी रुळली का? तळोज्याचे लोक हसतमुख वाटले. तुमच्या आईंना सांगा, सासूबाई ठीक आहेत. प्रवासाने दमल्या, चार दिवस नुसत्या पडून आहेत, जेवतात मात्र.

तुम्ही त्या दिवशी धावपळीत होता, तुमच्याशी बोलता आलं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांनी जे बघितलं ते लिहिते, कारण उद्या लोक ते वाढवून सांगतील.

तेराव्या देवापर्यंत सगळं नीट झालं. मी मोजत होते. तुम्हीही मोजत असाल. सासूबाई प्रत्येक वेळी थांबायच्या, आधीपेक्षा थोडं जास्त. पण ओळ यायची. चौदावी गावदेवी. हाक मारली, अगदी नीट. आणि थांबल्या. आधी कोणाला काही वाटलं नाही. मग कांडणाऱ्या बायकांचं मुसळ थांबलं. मग मागे खुर्च्यांवर बोलत होते तेही गप्प झाले. जनरेटरचा आवाज तेवढा येत होता. मी तुमच्याकडे बघितलं, तुमचा हात मशीनवर होता आणि मशीन गप्प होतं. मला वाटलं फेब्रुवारीचंच परत झालं.

तेवढ्यात रंजिता बोलली. पाटावर बसलेली, तोंडाला हळद, कपाळाला मुंडावळ्या. नवरीने धवल्यात तोंड उघडायचं नसतं, तुमच्या आईंनी तिला सकाळी तीनदा बजावलं होतं. तिने सूर वगैरे लावला नाही. हळू आवाजात म्हटलं, "बस गो आये, चंदनाचे पाटी." घरात आलेल्या पाहुणीला म्हणावं तसं. मग कांडणाऱ्या बायकांनी तीच ओळ उचलली. पुढचे पाच देव सासूबाईंनी हळू हळू बोलावले आणि रंजिताने आणि बायकांनी बसवले.

आता गावभर तुमचं कौतुक चाललंय. एवढा मोठा डीजे, हाताशी एवढं मशीन, पण पोराने मध्ये आवाज घुसवला नाही, म्हातारीचा मान ठेवला, असं सगळे म्हणतात. तुमच्या गावचे बळीराम गुरव तर म्हणाले, आजकालच्या पोरांत एवढी समज नसते. मलाही तसंच वाटलं. फेब्रुवारीत त्या दुसऱ्याने जे केलं ते तुम्ही केलं नाहीत. त्याबद्दल आभार मानायला हे पत्र.

सासूबाईंना याबद्दल विचारलं तर त्या भिंतीकडे बघतात. रागात नाहीत, एवढं मी सांगू शकते.

मनिषा


पनवेल, २४ मे

तीर्थस्वरूप आत्यास,

वहिनी, हे पूर्ण वाचून दाखवा. तुमच्या पत्रातलं माझं कौतुक मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. आता ते परत करायला हवं.

आत्या, मी बटण दाबलं होतं.

तू गावदेवीला हाक मारलीस आणि थांबलीस. मी मोजत नव्हतो, तू सांगितलंस तसं ऐकत होतो. तुझ्या गळ्याखालची खळगी आत गेली. मी वाट बघितली. ती वर येईना. आणखी थांबलो. मग मला वाटलं, आता नाही. आणि मी चौदावं बटण दाबलं.

आवाज आला नाही, कारण मशीनमध्ये क्वांटाइज म्हणून एक सोय असते. ती चालू असली की बटण तुम्ही कधीही दाबा, आवाज पुढचा ठोका पडल्यावरच निघतो. डीजेचा हात इकडेतिकडे झाला तरी गाणं तालातच राहावं म्हणून. आठ वर्षांपूर्वी मी ती चालू केली आणि विसरून गेलो, जसा आपण भिंतीतला खिळा विसरतो. आणि त्या दिवशी मी तुझ्यासाठी सगळी बीट बंद केली होती. ठोका पडतच नव्हता. तेव्हा मशीन बटण धरून ठोक्याची वाट बघत बसलं. चौकोन नुसता लुकलुकत होता. मला कळेपर्यंत रंजिता बोलून गेली होती. पुढे नाचाचं पहिलं गाणं लावण्याआधी मी ते बटण रिकामं केलं, नाहीतर पहिल्याच ठोक्याला तू स्पीकरमधून बस म्हणाली असतीस आणि सगळं उघडं पडलं असतं.

म्हणजे मी मान ठेवला वगैरे काही नाही. त्या फेब्रुवारीतल्या डीजेने जे केलं तेच मी केलं, फक्त माझं चाललं नाही. बळीरामकाका रस्त्यात भेटले की पाठ थोपटतात, मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो. मला फार लाज वाटते, आत्या. तू माझ्या कानावर सोडलं होतंस आणि कदाचित मी घाई केली. कदाचित अजून एक क्षण थांबलो असतो तर तुझा श्वास आला असता. हे डोक्यातून जात नाही. आणि रंजिता बोलली नसती तर काय झालं असतं, तेही.

रागव, पण लिही.

हृतिक


उरण, ३१ मे

(या वेळी सासूबाई म्हणाल्या, माझं बोलणं शाळेत घालू नको. म्हणून बोलल्या तसंच. मनिषा.)

हृतिक,

तू बटण दाबलास ते मना ठाव हाय. मी तुझे बोटाकडंच बघत होती. मशीन बोलला का नाय, त्याशी मना काय कराचा?

मी थांबली तवा मना वाटत होता, दम येल, अजून येल. दर वेलेला असाच वाटतं. फेब्रुवारीन पन तसाच वाटला, न् मी तशीच तोंड उघडून बसली. मानसाला आपला दम सरलेला आपल्याला कलत नाय, दुसऱ्याना सांगाला लागतं. म्हनून तुला समोर बसवला. मी बघत होती. तू लई वेल थांबलास. तुझे डोल्यांत पानी आला तरी थांबलास. मंग तुझा बोट खाली गेला. तवा मना कलला, सरला.

घाई नाय केलीस. बराबर केलास. तू दाबला नसतास तर मी अजून तशीच बसली असती, न् देवी दारान.

मंग मी रंजिताकडं बघला. नवरीना तोंड उघडू नये ते तिला ठाव व्हता. मी डोल्यांनी सांगली, उघड. ती उगाच बोलली नाय.

लोकांना काय बोलाचा ते बोलू दे. तू मान वर करून फिर. बळीरामला मी नंतर सांगन.

आता रंजिताला आठ दिस माझेकडं धाड. तिचे सासूशी मी बोलतंय. बस म्हनाला आला पोरीला. हाक माराला अजून येत नाय.

रंभाआत्या